सात नंबरचं घर

क्लबच्या चिटणिसांचा फोन आला तेव्हा ताई एका गृहस्थांच्या खालच्या दाढांमागचं किटण खरवडत होती. एका हातात आकडी, दुसऱ्या हातात छोटा आरसा, कपाळावर दिवा. फोन उचलणार कोण? तो वाजून वाजून गप्प झाला. गृहस्थ तोंड धुऊन गेल्यावर तिनं पाहिलं, तर एकाच नंबरावरून चार वेळा फोन येऊन गेलेला. तिनं उलट फोन लावला.

"ताई, रायफल क्लबातून बोलतोय. चिटणीस."

माणूस काही तिच्या ओळखीचा नव्हता. पण 'रायफल क्लब' हे शब्द कानावर पडले आणि ती पेशंटच्याच खुर्चीत टेकली. बत्तीस वर्षं झाली होती त्या फाटकातून बाहेर पडून.

"आपली जुनी रेंज बंद होतेय. महिनाअखेरीला सगळं नव्या इमारतीत न्यायचंय," चिटणीस सांगत होते. "शस्त्रागारात मिस्त्रींच्या हातचं एक कपाट आहे, नऊ रायफली आहेत त्यात. स्वच्छ करून, तपासून दिल्याशिवाय तिकडे आत घेत नाहीत. आमचा आताचा माणूस एअर रायफलवाला, नुसत्या हवेवर चालणाऱ्या बंदुकांचा; दारूच्या काडतुसांची त्याला सवय नाही. त्यानं एकीत काडतूस घालून बघितलं, तर अर्ध्यातच अडकलं."

"जोर नाही ना लावला?"

"नाही, नाही. हळूच काढलं. पण तेव्हापासून तो कपाटाकडे फिरकत नाही."

"शहाणा आहे," ताई म्हणाली.

"कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींची थोरली मुलगी हे काम करायची. म्हणून म्हटलं विचारून बघावं."

विचार करून सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण शनिवारी सकाळी ती निघाली ती पिशवीत दवाखान्यातला आरसा, आकडी आणि कपाळावरचा दिवा घालूनच.

मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. घरात बाबा, फाटकाच्या आत मिस्त्री. क्लबातल्या सगळ्या रायफलींची नाडी त्यांच्या हातात. शस्त्रागार म्हणजे एक लांबोडकी खोली, खाली दगडी फरशी, उत्तरेला एकच मोठी खिडकी आणि खिडकीखाली बाबांचं टेबल. टेबलाच्या कडेला रायफल घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस. रायफलीच्या लाकडाला ओरखडा येऊ नये म्हणून त्याच्या जबड्यांना चामडं शिवलेलं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले नळी साफ करायचे गज, लांबीप्रमाणे, शाळेतल्या रांगेसारखे. ताई नऊ-दहा वर्षांची असताना पहिल्यांदा तिथे गेली आणि तिला काय आवडलं, तर तो वास. तेल, जळकी दारू, जुनं लाकूड आणि बाबा. पुढे कितीतरी वर्षं बाबांची आठवण झाली की आधी तो वास यायचा, मग चेहरा.

काडतूस ज्या पोकळीत जाऊन बसतं तिला सगळे चेंबर म्हणतात. बाबा 'घर' म्हणायचे.

"नळी काय, सगळेच साफ करतात," ते सांगायचे. "आरपार उजेड दिसला की गडी खूश! घराकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि घोळ होतो तो घरातच."

"कसला घोळ?"

"काजळीचा. दारू जळते, गोळीवरचं मेण वितळतं, आणि दोन्हींची मिळून काजळी काडतुसाच्या तोंडापुढे गोल बसते. कड्यासारखी. पहिल्या दिवशी लोणी असते बघ. चिंधी फिरवली की निघाली. आठवड्यानं मेण होतं. महिन्यानं काच. लोणी कुणीही काढेल; काच काढायला गेलं की घराची भिंत खरवडायची भीती. म्हणून आळस करायचा नाही. नळी कोमट आहे तोवर घर पुसून टाकायचं."

बाबांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते दगडावरच्या रेघा. गज मागच्या बाजूनंच घालायचा; तोंडाकडून घातला तर तोंडाची कड झिजते आणि नेम कायमचा जातो. घराचा ब्रश नळीच्या ब्रशाहून जाड, तो हातानंच फिरवायचा, यंत्र लावायचं नाही. दर दोनशे गोळ्यांनी ब्रश, एरवी रोज चिंधी. काजळी सोडवणारा द्राव लावला की पंधरा मिनिटं हात मागे बांधून बसायचं. "द्रावाला त्याचं काम करू दे. घाई असेल त्यानं टपाल वाटावं." आणि सगळ्यात शेवटी घर कोरडं करायचं, तेलाचा टिपूसही ठेवायचा नाही.

त्या पंधरा मिनिटांसाठीच ताई जायची, असं म्हटलं तरी चालेल. घरी बाबा फारसे बोलायचे नाहीत. पण द्राव मुरत असताना त्यांना कंठ फुटायचा. खिडकीच्या कट्ट्यावर चहाचे दोन कप, आणि बाबा सांगतायत, कुणा साहेबानं रायफल साफ करायला घेतली आणि गजाला बांधलेला अख्खा रुमाल नळीत घालून बसला. कुणाच्या नळीत गांधिलमाशीनं मातीचं घर केलं आणि तो आठ दिवस चष्म्याचा नंबर तपासत हिंडला. ताई हसून हसून लोळायची. चिंध्या कापायचं काम तिचं. जुन्या चादरी फाडून दोन बोटं रुंदीचे चौकोन, शंभराची चळत. अजूनही कुठे जुनी मऊ चादर दिसली की तिची बोटं आपसूक दोन बोटांचं माप घ्यायची.

धाकटीला, म्हणजे छोटीला, त्या वासानं मळमळायचं. ती शस्त्रागारात पाऊल टाकायची नाही. पण रेंजवर पालथी पडून तिनं खांद्याला रायफल लावली की बघणारे श्वास धरायचे. सतराव्या वर्षी ती क्लबातल्या भल्या भल्या पुरुषांना मागे टाकायला लागली. बाबा सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्याकडे कामाची वाटणी आहे. एक लेक गोळ्या झाडते, दुसरी घर झाडते."

ताईला हा विनोद आवडायचा. खरंच आवडायचा. छोटीची रायफल सात नंबरची. सगळ्यांत हलकी, दस्ता आखूड, बारीक चणीच्या माणसाला खांद्यात बरोबर बसणारी. सात नंबरचं घर ताईनं आरशासारखं ठेवलं होतं. छोटी जिंकून आली की ताईला वाटायचं, पदकाचा मागचा भाग आपला आहे.

मग ती निवड स्पर्धा आली. साठ गोळ्या, ठरावीक वेळ, आणि पहिल्या चौघांना मोठ्या संघात जागा. ताई पंचवीस वर्षांची, छोटी बावीसची. आदल्या संध्याकाळी ताईनं सात नंबर पुसून दिली. ब्रशची पाळी नव्हती, म्हणून चिंधीच फिरवली; तीन चिंध्या, तिसरी पांढरी निघाली.

त्रेचाळिसाव्या गोळीला काडतूस घरात जाता जाता थांबलं. छोटीनं काडतूस आत ढकलणारा बोल्ट दाबला. बसेना. तिनं तळव्यानं रेटला, तो अर्धा बसला आणि तिथेच रुतला. मग तिनं मागे ओढला, तर काडतुसाचं पितळी कवच बाहेर आलं, गोळी नळीतच राहिली आणि दारू सांडून सगळ्या खटक्यात भरली. बाबा धावले. गज घालून गोळी काढली, दारू झटकली, सगळं पुसलं. पण घड्याळ कुणासाठी थांबतं? उरलेल्या अठरा गोळ्या छोटीनं कशाबशा संपवल्या. दोन गुणांनी तिची जागा गेली.

बाहेर पन्नास माणसांत छोटी वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ताई, घर साफ केलं होतंस ना तू?"

"केलं होतं."

"मग हे काय झालं?"

ताईनं बाबांकडे बघितलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग हातातल्या चिंधीकडे बघत म्हणाले, "होतं असं कधी कधी."

बस्. एवढंच. 'माझ्या पोरीनं साफ केलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. पन्नास माणसांनी जे समजायचं ते समजून घेतलं, आणि ताईनंही. तिसरी चिंधी पांढरी होती, हे तिला लख्ख आठवत होतं. तरी रात्री-अपरात्री जाग आली की वाटायचं, ब्रश फिरवायला हवा होता. पाळी नसली म्हणून काय झालं? शेवटी बाबांनाच आपला भरवसा वाटला नाही, तर आपण तरी कशाच्या जोरावर ठेवायचा?

ती पुन्हा शस्त्रागारात गेली नाही. दोन महिन्यांनी दातांच्या दवाखान्यात लागली आणि तिथेच रमली. लग्न झालं, संसार झाला. छोटीनं सात नंबर सोडली, मग वर्षभरात नेमबाजीच सोडली आणि नवऱ्याबरोबर चार तासांवरच्या गावी राहायला गेली. दोघी बहिणी एकमेकींच्या अडीअडचणीला धावायच्या, तासन्‌तास फोनवर बोलायच्या. फक्त तो एक दिवस सोडून सगळ्या जगाबद्दल. बाबा त्या स्पर्धेनंतर अकरा वर्षं होते. आजारपणात ताईनंच त्यांचं सगळं केलं. तेव्हाही तो विषय निघाला नाही. एकदा दुपारी ते तिचा हात धरून म्हणाले, "ताई, ते घर..." आणि खोकल्याची उबळ आली. तिला वाटलं, राहत्या घराबद्दल काही सांगायचं असेल. "घराचं सगळं ठीक आहे बाबा," असं म्हणून तिनं त्यांना पाणी पाजलं.

आता चिटणिसांनी शस्त्रागाराचं कुलूप उघडलं आणि ताई उंबऱ्यातच थबकली. टेबलावर खोक्यांची उतरंड, खिडकीच्या काचा मळलेल्या. वास मात्र होता तिथेच होता. सत्तावन्न वर्षांची बाई, घरात जावई आलेला. पण डोळे मिटून तिनं तो वास ओढून घेतला तो दहा वर्षांच्या मुलीसारखा.

"पाणी आणू का?" चिटणिसांनी विचारलं.

"खोकी हलवा तेवढी. आणि जुनी चादर मिळेल का कुठे?"

नऊ रायफली साफ करायला तिला तीन शनिवार लागले. पहिल्या दिवशी हात अडखळत होते, पण तासाभरात बोटांनी आपली जुनी ओळख काढली. बाबा गेल्यानंतर क्लबात चार जण आले आणि गेले, आणि प्रत्येकानं नळ्या चकचकीत ठेवल्या होत्या. घरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाच नंबरच्या घरात काजळीची अशी काच धरली होती की तिनं आठवडाभर रोज द्राव लावून ठेवायला सांगितलं. चिटणीस बिचारे रोज ऑफिसातून येऊन लावायचे. कौतुकानं बघत म्हणायचे, "ताई, तुम्ही तर रायफलीचे दात घासताय."

"तेच आहे हो. फक्त ह्या खुर्चीत ओरडत नाहीत."

तिसऱ्या शनिवारी सात नंबर राहिली होती. ती तिनं मुद्दामच शेवटी ठेवली होती. कपाटाच्या अगदी मागे, कापडात गुंडाळून, तोंडाला चिंधी लावून कुणीतरी जपून ठेवलेली. गुंडाळण्याची घडी बाबांची होती; ती घडी ताईनं शंभर गठ्ठ्यांतून ओळखली असती.

तिनं बोल्ट काढला, कपाळावरचा दिवा लावला आणि छोटा आरसा मागच्या बाजूनं धरला. घर स्वच्छ होतं. नुसतं स्वच्छ नाही, घासून घासून लखलखीत. बाकीच्या आठांत काजळीच्या काचा, आणि हिच्यात एक कण नाही. म्हणजे हे त्या दिवसानंतर बाबांनीच साफ केलं आणि त्यानंतर हिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही.

आरसा काढता काढता तिला काहीतरी दिसलं. लखलखीत पोलादावर एक फिकट, किंचित खडबडीत वर्तुळ. तिनं आकडी फिरवली. टोकाला बारीक खरखर लागली. जुनं किटण काढल्यावर दातावर त्याची खूण राहते ना, तशी. काजळी गेली होती, पण ती जिथे बसली होती तिथला धातू खाल्ला गेला होता.

पण खूण चुकीच्या जागी होती. काजळीचं कडं बसतं ते काडतुसाच्या तोंडापुढे. हे त्याच्या कितीतरी अलीकडे, घराच्या मध्यातच. ताईनं आकडीवर नखानं माप धरलं. पुन्हा मोजलं. आणि तिला बाबांचा आणखी एक नियम आठवला. आखूड काडतुसं असतात, जाडी तीच, लांबी कमी. कमी दारू, आवाज बारका. ती लांब काडतुसाच्या घरात झाडता येतात, पण झाडू नयेत. त्यांच्या तोंडापुढे काजळीचं कडं धरतं ते घराच्या मध्यातच, आणि मग नेहमीचं लांब काडतूस तिथे येऊन अडकतं. चिंधी त्या कड्यावरून सहज घसरत जाते आणि पांढरीच्या पांढरी निघते.

तिसरी चिंधी पांढरी होती.

ताई खिडकीच्या कट्ट्यावर बसली. सात नंबरमधून कुणीतरी आखूड काडतुसं झाडत होतं. एकदा-दोनदा नव्हे, महिनोन्‌महिने.

"आपल्या क्लबात आखूड काडतुसं कधी वापरायचे का हो?" तिनं चिटणिसांना विचारलं.

"नाही बुवा. स्पर्धेत चालतच नाहीत ती. पण जुन्या सभासदांपैकी कुणीतरी म्हणायचं, मिस्त्री अधूनमधून एखादी डबी मागवायचे. चाचणीसाठी."

कसली चाचणी?

घरी आली तेव्हा आई अंगणातल्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती. आई एक्क्याऐंशी वर्षांची. बाबा गेल्यापासून ताईकडेच राहायची. कान तल्लख, जीभ त्याहून.

"आई," ताई चपला काढता काढता म्हणाली, "सात नंबरमधून आखूड काडतुसं कोण झाडायचं गं?"

आई हसली. चोरी पकडलेल्या मुलीसारखी, तोंडावर हात धरून.

"अगं मीच की."

ताई तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात.

"तुम्ही दोघी कॉलेजात-कामात असायच्या. मंगळवारी क्लब बंद असायचा," आई सांगायला लागली. "एकदा तुझे बाबा डबा विसरले, मी घेऊन गेले. म्हणाले, आलीच आहेस तर एक झाडून बघ. पहिली गोळी मी डोळे मिटून झाडली! आवाजानं जीवच गेला माझा. मग त्यांनी आखूड काडतुसं मागवली, माझ्यासाठी. सात नंबर माझ्या खांद्यात नेमकी बसायची, छोटी माझ्याच चणीची ना. दोन हिवाळे गेले मी, दर मंगळवारी. घरी चार वाजायच्या आत परत. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी मी, कुणाला सांगणार? पण तुला सांगते, त्या दोन हिवाळ्यांत मला जेवढं मोकळं वाटलं ना, तेवढं आधीही नाही आणि नंतरही नाही. नेम धरला की डोक्यात दुसरं काही येतच नाही बघ. ना स्वयंपाक, ना सासूबाई."

"आई, त्या काडतुसांमुळेच..."

"माहीत आहे मला." आईचे हात थांबले. "त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी. म्हणाले, दर मंगळवारी मी घाईघाईत पुसत होतो, तुला चारच्या आत पोचवायचं म्हणून. चूक माझी आहे. मी म्हटलं, मग पोरीला सांगा ना! माझं नाव घ्या, काय व्हायचं ते होऊ दे. म्हणाले, सांगतो. पण तू मात्र काही बोलू नकोस, माझं मीच सांगणार."

"मला नाही सांगितलं त्यांनी."

आईला ते कळायला एक क्षण लागला.

"नाही सांगितलं?"

"नाही."

"कधीच?"

"आई, मला आज कळतंय. आज."

शेंगांची परात मांडीवरून घसरली तरी आईचं लक्ष नव्हतं. "अगं, मला वाटत होतं त्यांनी सांगितलं असेल," ती म्हणाली. "आठ दिवसांनी विचारलं, तर म्हणाले, झालं ते. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस, मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची आहे माझी पोर. आपल्या आईला लाज वाटू नये म्हणून सगळं पोटात घातलंन्. मी तुझ्याकडे राहायला आले ना, ते त्याच भरवशावर. म्हटलं, हिनं एवढं माफ केलंय, हिच्या दारात पडून राहायला हरकत नाही."

ताई आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलीच नाही. राग आईचा नव्हता. राग आला होता तो भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचा, आणि फोटोशी भांडून काय होणार? अकरा वर्षं रोज समोर बसून जेवलात. अकरा वर्षं! एक वाक्य होतं. मग तिला ती दुपार आठवली, धरलेला हात, 'ताई, ते घर...' आणि तिचं उत्तर. ती उशीत तोंड खुपसून रडली. बाबा गेले तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं.

आठवडाभर तिनं छोटीला फोन केला नाही. केला तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं.

"छोटे, ऐकते आहेस ना?"

"उद्याच्या बसनं येते," छोटी म्हणाली आणि फोन ठेवला.

आली ती तोंड धुवायच्या आधीच बोलायला लागली. "मला आधी बोलू दे. नंतर धीर होणार नाही माझा. त्या दिवशी काडतूस अडकायच्या आधीच माझं गणित बिघडलं होतं, ताई. हात थरथरत होता. पस्तिसाव्या गोळीपासून मी दहाच्या जागी आठाच्या वर्तुळात मारत होते. चौथा नंबर तसाही जाणार होता. काडतूस अडकलं तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुटले, असं वाटलं. खापर फोडायला डोकं मिळालं. आणि ते डोकं तुझं निघालं."

"पण दोनच गुणांनी..."

"उरलेल्या अठरांत मी जरा बरं मारलं म्हणून दोन. नाहीतर पाच-सहांनी गेले असते. घरी कुणी नेमाचे कागद बघितलेच नाहीत, मी फाडून टाकले. मग नेमबाजी का सोडली असं वाटतं तुला? रायफल घेऊन आडवं झालं की तुझा चेहरा दिसायचा."

ताईनं तिच्याकडे बघितलं. चौपन्न वर्षांची झाली तरी रडू आलं की छोटीचं नाक आधी लाल व्हायचं.

"आपल्या घरात," ताई हळूच म्हणाली, "काजळी काढायचं ज्ञान सगळ्यांना. आणि एकानं काढली असेल तर शपथ."

छोटीला आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. आणि आई आतून ओरडली की ज्याला चहा हवा असेल त्यानं आत यावं, तिला कपबश्या घेऊन उंबरा ओलांडवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी क्लबात गेल्या. आईनंच हट्ट धरला. चिटणिसांनी रेंजवर तिच्यासाठी टेबल लावलं, वाळूची उशी ठेवली, आणि ताईनं सात नंबर तिच्या खांद्याला लावून दिली. या वेळी लांबच काडतुसं होती, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची भिंगं. पाच गोळ्या झाडल्या. दोन कागदालाच लागल्या नाहीत, दोन कडेला, एक चांगली आत. आई म्हणाली, वाऱ्यानं गेल्या. वारा नव्हता, पण चिटणिसांनी मान डोलावली.

नंतर शस्त्रागारात छोटीनं बाह्या सरसावल्या. "दे इकडे. आज मी करते."

"मळमळेल तुला."

"मळमळू दे."

तिनं गज उचलला आणि थेट नळीच्या तोंडाशी नेला. ताई किंचाळलीच. "मागून! मागून घाल, काय करतेस!" छोटीनं जीभ चावली. मग ताईनं तिचा हात धरून शिकवलं. ब्रश किती आत, किती वेळा, मनगट कसं फिरवायचं, चिंधी कधी बदलायची. छोटीनं नाकाला पदर लावून सगळं केलं. शेवटची चिंधी काढून खिडकीपाशी धरली. आईनं ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि म्हणाली, "ह्यांना दाखवायला हवी होती." ताईनं ती चिंधी घेऊन टोपलीत टाकली.

महिनाअखेरीला नऊच्या नऊ रायफली नव्या इमारतीत गेल्या. सात नंबरच्या गळ्यात ताईनं चिठ्ठी बांधली: घरात जुनी खूण आहे, स्पर्धेला वापरू नये, शिकवायला चालेल. तो एअर रायफलवाला माणूस तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, ताई, दोन-चार शनिवार याल का, मला हे घराचं प्रकरण एकदा नीट समजून घ्यायचंय. ताईनं आढेवेढे घेतले ते तोंडदेखलेच.

आता ती महिन्यातले दोन शनिवार जाते. आई बरोबर असते. नव्या जागेत खुर्च्या लोखंडी आहेत, फरशी गुळगुळीत आहे आणि तेलाचा वास यायला अजून वर्षं लागतील. पलीकडच्या हॉलमध्ये मुलंमुली एअर रायफलीचा सराव करत असतात. आई थोडा वेळ कान देऊन ऐकते आणि दर वेळी न चुकता म्हणते, "ही कसली गं बंदूक? कुणीतरी थुंकल्यासारखी वाजते."